गाण्याच्या स्पर्धेत परीक्षकाच्या खुर्चीतून (आणि समोरूनही): तुमचे अनुभव

मंद्रसप्तक
काल रात्री यूट्यूबवर २००८-०९ च्या ‘सारेगमप लिटल चॅम्प्स’चे भाग लागले आणि झोपायचं राहूनच गेलं. पल्लवी जोशींचं निवेदन, अवधूत गुप्ते आणि वैशाली सामंत परीक्षक, आणि ती पाच मुलं. परीक्षक गुण स्वरांतच द्यायचे; आता ‘नि’ मिळतो की त्याहून वरचा, ‘वरचा सा’, म्हणून आमचं अख्खं घर टीव्हीला चिकटलेलं असायचं. ते बघता बघता माझीच एक जुनी आठवण वर आली, म्हणून हा धागा.

मी गाणं शिकवते. काही वर्षांपूर्वी एका वाहिनीने गाण्याच्या कार्यक्रमाच्या प्राथमिक फेरीला परीक्षक म्हणून बोलावलं होतं. टीव्हीवर दिसतात ते परीक्षक वेगळे. मुलं त्यांच्यासमोर उभी राहण्याआधी जी चाळणी लागते, ती आम्ही. खोलीत एक टेबल, पेटी (हार्मोनियम), मोबाईलवर तानपुरा. मुखडा आणि एकच अंतरा ऐकायचा. कागदावर सूर, लय, शब्द, सादरीकरण असे रकाने.

एक मुलगी आली, लताबाईंचं भावगीत घेऊन. मूळ पट्टीतच, म्हणजे लताबाईंच्याच सुराच्या उंचीवर, गाणार म्हणाली. मुखडा गोड झाला, पण अंतऱ्यात वर जायची वेळ आली की हनुवटी उचलली जायची, मानेच्या शिरा ताठ व्हायच्या आणि शब्दातला ‘आ’ आकसून ‘अ’ व्हायचा. मी पेटीवर दोन सूर खाली षड्ज (सा) धरला आणि म्हटलं, आता यात म्हण बघू. खांदे लगेच सैल पडले. ध्वनिमुद्रिकेत झर्रकन निघून जाणारी एक मींड (एका स्वरावरून दुसऱ्यावर न तुटता घसरत जाणं) तिने मधल्या सगळ्या जागा दाखवत, सावकाश घेतली.

शेजारचे परीक्षक म्हणाले, मूळ गाण्यात असं नाहीये, गुण कापायला हवेत. आमची बरीच वादावादी झाली. माझं मत तेव्हाही हेच होतं आणि आजही हेच आहे: संगीतकाराची चाल मोडायची नाही, शब्द तोडायचे नाहीत, पण गाणाऱ्याचा स्वतःचा गळा त्यात दिसलाच पाहिजे. हुबेहूब नकलेला मी पैकीच्या पैकी गुण देत नाही. मुलगी पुढच्या फेरीत गेली.

तुमच्यापैकी कुणी परीक्षण केलंय? स्पर्धेत गायलाय? मुलांना घेऊन गेलाय? लिहा.

कडकलक्ष्मी_२
मस्त धागा. आमच्याकडे सासरे वही घेऊन बसायचे. प्रत्येक मुलाच्या नावापुढे आपले गुण लिहायचे आणि मग परीक्षक काय देतात ते बघायचे. जुळले की खूश, नाही जुळले की त्या रात्री जेवताना चर्चा. ती वही अजून आहे. कुकर झाला, नंतर येते.

ठेका_दादरा
मी वादकांच्या बाजूने लिहितो. एका कार्यक्रमात बरीच वर्षं तबला-ढोलकीला होतो.

लोकांना वाटतं परीक्षक जे ऐकतात तेच आपण घरी ऐकतो. तसं नसतं. परीक्षकाला सेटवर त्या क्षणी जे कानावर पडतं ते, त्यात मॉनिटरचा आवाज, वाद्यांचा आवाज, टाळ्या. घरी जातं ते नंतर मिक्स होऊन. आवाज पुढे काढलेला, रिव्हर्ब (घुमारा) घातलेला, काही ठिकाणी सूर सरळ केलेला. त्यामुळे ‘एवढं सुरेल गायली तरी परीक्षक नावं ठेवतात’ असं लोक म्हणतात तेव्हा मी गप्प बसू शकत नाही. सेटवर ऐकलेलं असतं म्हणून सांगतो, बऱ्याचदा परीक्षकाचं बरोबर असतं.

याच्या उलटही होतं बरं का. एखादा पोरगा समोर उभा राहून अंगावर काटा आणतो आणि टीव्हीवर ते निम्मंसुद्धा उतरत नाही.

आम्रपाली_जोग
@ठेका_दादरा, हे कधी डोक्यातच आलं नव्हतं. म्हणजे आम्ही इतकी वर्षं भांडतोय ते वेगळ्याच गाण्यावरून?

ठेका_दादरा
हो ना ताई. आणि दुसरं म्हणजे वेळ. मूळ गाण्यात दोन अंतरे, मधले म्युझिक पीस, सगळं हळूहळू चढत जातं. इथे पीस अर्धा कापतात आणि एक अंतरा उडवतात. गाणाऱ्याला दम घ्यायला जागाच राहत नाही. मूळ गायकाने कापलेलं गाणं गायलेलं नसतं, मग तुलना कशी करायची? परीक्षकाने श्वास कुठे तुटला हे बघताना पीस किती कापलाय तेही बघावं, एवढंच माझं म्हणणं.

नीलमोहोर
त्या पाच मुलांमधल्या मुग्धा वैशंपायन आणि प्रथमेश लघाटेचं २०२३ मध्ये लग्न झालं तेव्हा आमच्या घरी आपल्याच घरचं कार्य असल्यासारखा आनंद!! केवढीशी होती ती तेव्हा.

कडकलक्ष्मी_२
@नीलमोहोर अगदी अगदी. आणि २०२१ च्या पर्वात तीच पाचही जणं ज्युरी म्हणून बसली ना, तेव्हा सासऱ्यांनी वही परत बाहेर काढली होती.

घरचा_अभ्यास
मुलाचा अनुभव लिहिते. तो एका स्पर्धेत निवडला गेला तेव्हा त्याचा आवाज लहान मुलाचा, स्वच्छ, वर सहज जाणारा. पर्वाच्या मध्यावर आवाज फुटायला लागला. सकाळी एक आवाज, संध्याकाळी दुसरा. तार सप्तकात (वरच्या सुरांत) जायला गेला की मधेच आवाज फाटायचा. शूटिंगला दोन दिवस आणि गाणं मंजूर झालेलं, बदलता येईना. वाद्यवृंदातल्या दादांनी कीबोर्डवर ट्रान्सपोज करून पट्टी खाली आणली, पण बासरीवाल्यांना दुसरी बासरी शोधायला लागली. एवढ्या सगळ्यांनी धडपड केली त्याच्यासाठी.

परीक्षकांपैकी एकांनी कॅमेऱ्यासमोर फक्त ‘आज सूर डळमळला’ म्हटलं. बाकी काही नाही. मुलगा घरी येऊन दार लावून बसला. दुसऱ्या परीक्षकांनी मात्र शूटिंग संपल्यावर त्याला बाजूला घेतलं, तुझा आवाज बदलतोय, वर ओढू नकोस, मंद्रात (खालच्या सुरांत) ओंकार कर, गळ्याला सहा महिने दे असं समजावलं. ते टीव्हीवर आलं नाही. तो बाहेर पडला, पण आज गातोय तो त्या दुसऱ्या परीक्षकांमुळे. मला मनापासून वाटतं की वयात येणाऱ्या मुलांचं परीक्षण करणाऱ्याला हे माहीत असलंच पाहिजे. लहान मुलांच्या पर्वात तर ही अटच हवी.

मंद्रसप्तक
@घरचा_अभ्यास, वाचून भरून आलं. माझ्या वर्गातल्या मुलांना मी या काळात स्पर्धेला पाठवतच नाही. पालक रागावतात, रागावू देत. मुलाला माझा आशीर्वाद सांगा.

घरचा_अभ्यास
नक्की सांगते ताई. आता काळी एक पट्टीत आवाज छान भरदार लागतो :)

फुलपाखरू_७७
सोनू निगम १९९५ मध्ये झी टीव्हीवर ‘सा रे गा मा’ करायचा ते आठवतंय का कुणाला? पाहुणे परीक्षक काय एकेक दिग्गज असायचे! बोलायचे कमी, पण बोलले की शिकायला मिळायचं. श्रेया घोषालही त्याच कार्यक्रमातून आली. आता गाणं दोन मिनिटं आणि कौतुक पाच मिनिटं.

विदर्भकन्या
+१ फुलपाखरू. पण मला २०२१-२२ च्या मराठी ‘इंडियन आयडल’मध्ये अजय-अतुल बसले होते ते आवडलं. स्वतः चाल बांधणारा माणूस समोर असला की बोलणंच वेगळं होतं. गाणाऱ्याचे सूर तर तपासतोच, पण ती हरकत (छोटी सुरावट) तिथे का आहे हेही सांगू शकतो.

गंधार_कोमल
नाट्यपदांबद्दल कुणीच लिहिलं नाही म्हणून लिहितो. जिल्हा पातळीवरच्या स्पर्धांना परीक्षक असतो, टीव्हीवरच्या एका फेरीलाही बसलोय.

‘कट्यार काळजात घुसली’ हे नाटक १९६७ चं. पुरुषोत्तम दारव्हेकरांचं लेखन, पं. जितेंद्र अभिषेकींचं संगीत, खाँसाहेबांच्या भूमिकेत वसंतराव देशपांडे. २०१५ मध्ये चित्रपट आला आणि त्यानंतर समोर येणाऱ्या मुलांचं ‘मूळ गाणं’च बदललं. ती चित्रपटातलं गातात. ताना नेमक्या मोजलेल्या, कोरस येतो तिथे थांबतात. काही परीक्षकांना याचा राग येतो. मला येत नाही. चित्रपटामुळे ही पदं या मुलांपर्यंत पोचली, हे केवढं मोठं काम आहे!

मी एवढंच विचारतो की वसंतरावांचं ऐकलंयस का? नसेल ऐकलं तर ऐकून ये, गुण कापत नाही. कारण वसंतराव त्याच पदात दर वेळी वेगळी जागा घ्यायचे. तिथे पाठ केलेली तान म्हणून दाखवणं म्हणजे त्या गायकीचा गाभाच सोडून देणं. एका मुलाने पाठ तान पूर्ण केली आणि समेच्या (तालाच्या पहिल्या मात्रेच्या) आधी स्वतःची छोटीशी तिहाई (तोच तुकडा तीनदा घेऊन समेवर येणं) टाकली. कच्ची होती, समेवर अगदी काठावर आली. त्याला मी त्या फेरीतले सगळ्यात जास्त गुण दिले. पाठ करून निर्दोष गाणाऱ्यांच्या पालकांनी नंतर मला घेरलं होतं, त्यांनाही हेच सांगितलं.

सायलीची_आई
गंधार_कोमल सर, खूप छान लिहिलंत. प्रश्न: मुलीला पेटी घ्यायची आहे, जुनी दुरुस्त करून घ्यावी की नवी? ती सध्या मोबाईलच्या तानपुऱ्यावरच रियाज करते.

गंधार_कोमल
जुनी पेटी जाणकाराला वाजवून बघायला लावा. भाता गळत नसेल आणि सूर फार उतरलेले नसतील तर जुनी चांगली. पण रियाज तानपुऱ्यावरच चालू राहू द्या, पेटीच्या प्रत्येक स्वरामागे फरफटत जायची सवय लागते.

तिसरा_मजला
मंद्रसप्तकताई, तुमच्या त्या शेजारच्या परीक्षकांची बाजू मला थोडी पटते. हजारो लोक तेच गाणं मनात घेऊन टीव्हीसमोर बसतात. मींड लांबली की आजी म्हणते, हे असं नाहीये. तिचंही गाणं आहे ना ते?

मंद्रसप्तक
@तिसरा_मजला, आजींचं गाणं आहेच. म्हणून तर चालीला हात लावायचा नाही म्हणते. लांबवलेल्या मींडेत सुरुवातीचा आणि शेवटचा स्वर तेच होते, लय तीच होती, शब्द तुटला नव्हता. तिने नवा स्वर घुसडला असता तर मीच गुण कापले असते. आणि मूळ पट्टीत गाण्याचा हट्ट आपल्या मराठी स्पर्धांमधून आधी जायला हवा. लताबाईंचा गळा देवाने एकीलाच दिला. मुली तिथे पोचायला गळा आवळतात आणि आपण त्याला ‘हाय पिच छान लागला’ म्हणून टाळ्या देतो.

आम्रपाली_जोग
हे मात्र शंभर टक्के. उच्चारांचंही बोला कुणीतरी. ‘चांदणं’मधला च ‘चंद्र’मधल्या चसारखा म्हणणारी पोरं पुढच्या फेरीत जातात तेव्हा मला फार त्रास होतो.

ठेका_दादरा
आणि ‘ळ’चा ‘ल’. रकान्यात शब्द लिहिलेलं असतं, पण त्याचे गुण कापलेले मी क्वचितच पाहिलेत.

कडकलक्ष्मी_२
आले परत. सासऱ्यांच्या वहीत ‘ळ’साठी वेगळा रकाना आहे, खरंच. उद्या पानांचा फोटो टाकते, ते झोपलेत आता. गंधार_कोमल सर, त्यांनी तुम्हाला विचारायला सांगितलंय की ती तिहाई टाकणारा मुलगा कोणत्या तालात गात होता?

गंधार_कोमल
त्रितालात. दुगुनीत (दुप्पट लयीत) आला होता, म्हणून जास्तच अवघड होतं ते.