मदत हवी आहे: 'बिफॉल' वाक्यात कसं बसवायचं? (तातडीचं)

होटगी_रोड: मंडळी, 'बिफॉल'चा नेमका अर्थ काय? डिक्शनरीत 'घडणे, ओढवणे' दिलंय. तसंच वाक्य केलं, तर साहेबांनी लाल रेघ मारून 'व्हर्ब बघा' एवढंच लिहून परत पाठवलं. उद्या सकाळी मजकूर छापायला जातोय. लवकर सांगा.

कडक_भाकरी: वाक्य कुठंय बे? माप न देता शर्ट शिवायला टाकतोस का? मराठीतनं इंग्रजी करायलास की उलटं?

होटगी_रोड: मराठीतनं इंग्रजी. अर्थ विचारलाय तेवढा सांगा की.

पार्क_चौक: सोड ते, 'हॅपन' लिही. चादरी-टॉवेलच्या एक्स्पोर्टचे मेल मी 11 वर्षं लिहितोय, एकदाबी बिफॉल लागलं नाही. जाड शब्द घातला की समोरचा पैसे उशिरा देतो, अनुभव आहे.

निवृत्त_मास्तर: हॅपन आणि बिफॉल एक नव्हे. लॉटरी लागली तर बिफॉल म्हणत नाहीत. संकट, अपघात, आजार, असलंच काहीतरी लागतं. शब्द जुन्या वळणाचा आहे, बोलण्यात जवळजवळ येत नाही. रूपं बिफॉल, बिफेल, बिफॉलन. तुम्ही 'बिफॉल्ड' लिहिलं असेल तर रेघ त्याचीच. आणि कर्ता संकट असतं, माणूस कर्म. आपल्याकडे 'त्याच्यावर प्रसंग गुदरला' म्हणतात, 'तो प्रसंग गुदरला गेला' म्हणत नाहीत, तसंच.

शेंगा_चटणी: रोज इंग्रजी पेपरचा अग्रलेख वाचा, 10 शब्द वहीत उतरवा, सहा महिन्यांत फरक पडतो. माझ्या भाच्याला पडला.

होटगी_रोड: काकू, माझ्याकडं सहा महिने नाहीत, सहा तास आहेत. मास्तर, बिफॉल्ड नाही लिहिलं, बिफॉलनच लिहिलंय. मग चूक कुठं?

कडक_भाकरी: अरे वाक्य टाक की!!

होटगी_रोड: घ्या. 'सोलापूर वॉज बिफॉलन बाय मार्शल लॉ इन 1930.' मूळ मराठी: '1930 साली सोलापूरवर मार्शल लॉ ओढवला.' 12 जानेवारीच्या कार्यक्रमाची स्मरणिका आहे, चार हुतात्म्यांवर.

निवृत्त_मास्तर: बघा, हे आधी सांगितलं असतं तर! 'वॉज बिफॉलन बाय' असं कर्मणी करत नाहीत. 'मार्शल लॉ बिफेल सोलापूर' करा, व्याकरण सुटलं.

होटगी_रोड: पण 'वॉज डेस्टिन्ड' चालतं ना? तेही नशिबाचंच आहे. ते बघूनच मी वॉज घातलं.

निवृत्त_मास्तर: डेस्टिन्ड 'वॉज' घेऊनच चालतं, आणि त्यात वाईटच असावं असं काही नाही. आपले डॉ. कोटणीस 1938 ला चीनला गेले आणि 1942 मध्ये तिथेच वारले. तिथं 'ही वॉज डेस्टिन्ड नेव्हर टू रिटर्न' शोभतं. बिफॉलचा रस्ता वेगळा.

यंत्रमाग_दादा: मास्तर, माफ करा, पण व्याकरण सुटलं तरी वाक्य खोटंच राहतंय. मार्शल लॉ काय दुष्काळ आहे का, आभाळातनं पडायला? गांधीजींना अटक झाली, गाव पेटलं आणि इंग्रजांनी मे 1930 मध्ये तो लादला. बिफॉल म्हटलं की करणारा गायब. आमचे आजोबा ओढवला म्हणत नव्हते, 'गोऱ्यांनी लावला' म्हणायचे. मूळ मराठीच दुरुस्त करा आधी.

निवृत्त_मास्तर: शैली म्हणून काही चीज असते, दादा. प्रत्येक वाक्यात आरोपी उभा करायची गरज नाही.

यंत्रमाग_दादा: ह्या वाक्यात आहे.

पार्क_चौक: म्हणून म्हटलं होतं, हॅपन लिही.

यंत्रमाग_दादा: हॅपनमध्येबी तेच होतंय हो. 'इम्पोज' लिहा. 'द ब्रिटिश इम्पोज्ड मार्शल लॉ ऑन सोलापूर.'

होटगी_रोड: आणि पुढचं वाक्य? 'चौघांच्या नशिबी फाशी आली.' तिथं मी 'डूम्ड' घातलंय. त्यावर रेघ नाही, पण आता भीती वाटायलीय.

निवृत्त_मास्तर: डूमची गंमत सांगतो. जुन्या इंग्रजीत त्याचा अर्थ नशीब नव्हताच, निवाडा होता. 1086 च्या त्या डूम्सडे बुकात इंग्लंडच्या बहुतेक जमिनी नोंदल्या. त्यातला निकाल कयामतीच्या निवाड्यासारखा, त्यावर अपील नाही, म्हणून ते नाव पडलं. नशीब हा अर्थ मागाहून चिकटला. तेव्हा दादांच्या हिशोबानं डूम्ड बसतं, निवाडा कोर्टानंच दिला होता.

यंत्रमाग_दादा: वाचणाऱ्याला 1086 चं काय माहीत? 'मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, श्रीकृष्ण सारडा आणि जगन्नाथ शिंदे यांना 12 जानेवारी 1931 रोजी येरवड्यात फाशी दिली.' 'वेअर हँग्ड.' हँग्ड, हंग नव्हे. हंग भिंतीवरच्या फोटोला.

निवृत्त_मास्तर: हँग्डबद्दल दादा बरोबर आहेत. बाकी मी माझं मत बदललेलं नाही.

शेंगा_चटणी: गड्ड्याच्या जत्रेत यंदा मौत का कुआं कुठल्या बाजूला आहे? नातू डोकं खातोय.

कडक_भाकरी: काकू, हा व्याकरणाचा धागा आहे. (होम मैदानात शिरल्यावर पाळण्यांच्या मागं.)

होटगी_रोड: इम्पोज्ड आणि हँग्ड करून पाठवलं. साहेबांचा अंगठा आला. आता म्हणतायत, मराठीतला 'ओढवला' कुणी लिहिला होता ते सांगा. तो त्यांनीच लिहिलाय.