मालवणात सोलापुरी थाळी : तिथल्या गावकऱ्यांना रुचेल का? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. माझा भाऊ आणि वहिनी मालवणात छोटी शाकाहारी खानावळ काढायचं म्हणतायत. ज्वारीची कडक भाकरी, शेंगाचटणी, धपाटे, आमटी, एवढंच. जागा बाजारपेठेजवळ भाड्याने बघितली आहे, किनाऱ्यावर नाही.  दारू नाही, मासे नाहीत. भाकऱ्या थापायला इथून दोन बायका यायला तयार आहेत.

ऑनलाइन अभिप्राय वाचून झाले, पण ते सगळे पर्यटकांचे. तिथल्या लॉजवाल्यांना फोन केले, ते म्हणतात ‘चालेल हो’. पण त्यांना गिऱ्हाईक सुट्टीतलं दिसतं, आम्हाला बारमाही हवंय. पावसाळ्यात सिंधुदुर्ग किल्ल्याच्या होड्या बंद, १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींची मासेमारीही बंद. तेव्हा दुकान गावच्याच माणसांवर चालणार. चिपीचा विमानतळ २०२१ ला सुरू झाला, तारकर्ली-देवबागकडे नवी हॉटेलं दिसतात. या बदलाबद्दल गावात काय बोललं जातं, ते मला फार महत्त्वाचं वाटतं. कुणाच्या पोटावर पाय देऊन धंदा करायचा नाही.

ज्यांचं माहेर, सासर किंवा नोकरी तिकडे आहे त्यांनी कृपया सांगा. परवाने आणि भाड्याची चौकशी आम्ही करतोय, ते नको. दिवाळीआधी जागामालकाला उत्तर द्यायचंय. मालवणची माणसं पावसाळ्यात, श्रावणात बाहेर शाकाहारी जेवतात का, आणि घाटावरून आलेल्या नव्या खानावळीला ती आपलं म्हणतील का?