आयर्विन पुलाचं मॉडेल: नॅनो, एलईडी पट्टी आणि डीएफप्लेअर एकत्र चालेनात

तिसरं_सत्र_सांगली

नमस्कार. डिप्लोमाच्या प्रदर्शनासाठी सांगलीतल्या कृष्णेवरच्या आयर्विन पुलाचं मॉडेल करतोय, पुराची पातळी दाखवणारं. खांबाशेजारी डब्ल्यूएस२८१२बी ची (प्रत्येक एलईडीचा रंग वेगळा ठरवता येतो अशी) ६० एलईडीची पट्टी मोजपट्टीसारखी उभी लावली आहे, एक एलईडी म्हणजे एक फूट पाणी. १० के चा पॉट (फिरवायचा रेझिस्टर) फिरवला की पाणी चढतं. ४० फुटांच्या इशारा पातळीपर्यंत निळा रंग आणि बासरी, ४० ते ४५ पिवळा आणि ढोल, ४५ ची धोका पातळी ओलांडली की लाल आणि भोंगा. आर्डुइनो नॅनो (कोडवर चालणारा छोटा बोर्ड), डीएफप्लेअर मिनी (मेमरी कार्डावरची गाणी वाजवणारा), ८ ओहम ३ वॉटचा स्पीकर. पट्टी आणि प्लेअर दोन्ही नॅनोच्या ५ व्ही पिनवरून, नॅनो लॅपटॉपच्या यूएसबीवर.

आता रडगाणं:

१) सुरुवातीला सगळी पट्टी पांढरी करून दाखवतो, तेवढ्यात नॅनो रिसेट होतो.
२) पॉट कितीही फिरवला तरी पिवळा लागतच नाही. सिरियल मॉनिटरवर (नॅनोने पाठवलेले आकडे लॅपटॉपवर दिसतात तिथे) फूट ३२ पर्यंत नीट, मग एकदम उणे ३१.
३) गाणं सुरू होत नाही, नुसतं टक-टक वाजतं. एकदा वाजलं तर बासरीच्या जागी भोंगा!
४) स्पीकरमधून सतत खरखर.

---

सोल्डरची_वात

पहिल्याचं उत्तर हिशोबातच आहे. एक एलईडी पूर्ण पांढरा पेटला की साधारण ६० मिलिअँपिअर घेतो. ६० गुणिले ६० म्हणजे ३.६ अँपिअर. लॅपटॉपचं यूएसबी पोर्ट ०.५ अँपिअरचं. व्होल्टेज बसतं, नॅनो मरतो, पुन्हा उठतो, पुन्हा पांढरं करतो.

५ व्होल्ट ३ अँपिअरचा अडॅप्टर घे. त्याच्या दोन तारा थेट पट्टीला, नॅनोमधून नाही. तिथूनच दुसरी जोडी नॅनोच्या ५ व्ही आणि ग्राउंडला. व्हीआयएन पिनला ५ व्होल्ट देऊ नको, आतल्या रेग्युलेटरला किमान ७ लागतात. पट्टीच्या तोंडाशी १००० मायक्रोफॅरड १६ व्होल्टचा कपॅसिटर (उलटा लावलास तर फुटेल) आणि डेटाच्या तारेत पहिल्या एलईडीजवळ ४७० ओहमचा रेझिस्टर. ग्राउंड तिघांचं एकच हवं. कोड चढवताना अडॅप्टरची ५ व्ही तार नॅनोपासून सोडव.

आणि पांढरा रंग काढूनच टाक. पुराला पांढरा कशाला? नुसता लाल म्हणजे एलईडीमागे २० मिलिअँपिअर, सगळी पट्टी १.२ अँपिअरमध्ये भागते. लाल २५५, हिरवा १०० असा पिवळा केला तर १.७ च्या आसपास.

---

हळद_आणि_हर्ट्झ

दुसरी अडचण मजेशीर आहे आणि ती वायरिंगमध्ये शोधत बसलास तर आठवडा जाईल. तू कोडमध्ये वाचन (पॉटवरून नॅनोला मिळणारा ० ते १०२३ मधला आकडा) गुणिले ६० भागिले १०२३ असं लिहिलं असणार.

नॅनोवर इंट (पूर्णांकाचा साधा प्रकार) १६ बिटांचा असतो, त्यात ३२,७६७ च्या वरचा आकडा मावत नाही. ५४६ गुणिले ६० म्हणजे ३२,७६०, जेमतेम बसलं. पॉट एक घर पुढे गेला की ५४७ गुणिले ६० म्हणजे ३२,८२०. हे पलटून उणे ३२,७१६ होतं आणि भागाकारानंतर उणे ३१. तुझ्या मॉनिटरवर दिसतो तोच आकडा. हीच ओळ लॅपटॉपवर सी मध्ये चालवशील तर उत्तर बरोबर येईल, कारण तिथे इंट ३२ बिटांचा. म्हणून चूक डोळ्याला दिसत नाही. ६० च्या मागे एल लावलास की गुणाकार लाँगमध्ये (मोठ्या पूर्णांकाच्या प्रकारात) होतो आणि काम भागतं.

पण रंग ठरवायला फूट काढूच नको. थेट वाचनावर निर्णय घे: ४० फूट म्हणजे ६८२, ४५ फूट म्हणजे ७६७. फूट फक्त किती एलईडी पेटवायचे त्यासाठी.

हे सुधारलंस की पुढची अडचण ठरलेली: पॉट बरोबर ४० वर ठेवला की निळा-पिवळा, निळा-पिवळा असा नाचेल, आणि बासरी-ढोल त्याच्याबरोबर. वाचन एखाद-दोन आकड्यांनी हलतंच. म्हणून चढताना ६८२ ला पिवळा कर, पण उतरताना ६६५ च्या खाली आल्यावरच निळा. लालसाठी ७६७ आणि ७५०. म्हणजे परतीला एक फुटाची सूट. पॉटचं वरचं टोक नॅनोच्याच ५ व्ही पिनला ठेव. नॅनो स्वतःच्या ५ व्होल्टच्या प्रमाणात मोजतो, दोन्ही एकत्र खाली आले तर वाचन हलत नाही.

६० फुटांची मोजपट्टी बरोबर घेतली आहेस. २०१९ ला पाणी ५७ च्या वर गेलं होतं, ५० वर थांबवली असतीस तर बघायला येणाऱ्यांनी लगेच विचारलं असतं.

---

तिसरं_सत्र_सांगली

एल लावला, पिवळा आला! गाण्याचं मात्र तसंच आहे. भोंगा टोनने (आर्डुइनोची सूर काढायची आज्ञा) बझरवर वाजवू का, म्हणजे प्लेअरवरचा भार कमी?

---

कुपवाडचा_टेक्निशियन

बझर नको. पट्टीला डेटा पाठवताना निओपिक्सेलची लायब्ररी (पट्टी चालवायचा तयार कोड) इंटरप्ट, म्हणजे चालू काम मध्येच थांबवून दुसरं करून घ्यायची सोय, बंद करते. एका एलईडीला ३० मायक्रोसेकंद, ६० ना १.८ मिलिसेकंद. टोन इंटरप्टवरच चालतो, त्यामुळे दर वेळी पट्टी ताजी केली की भोंगा घोगरा होईल. भोंगाही एमपी३ करून कार्डावर टाक.

टक-टक यासाठी की लूपच्या प्रत्येक फेरीत तू 'वाजव' सांगतोस आणि प्लेअर दर वेळी गाणं पहिल्यापासून धरतो. आधीची अवस्था एका व्हेरिएबलमध्ये ठेव, अवस्था बदलली तरच आज्ञा पाठव. गाणं संपलं का हे सिरियलवरून विचारू नको: ९६०० बॉडला (सेकंदाला ९६०० बिट) एक बिट १०४ मायक्रोसेकंदांचा, इंटरप्ट १.८ मिलिसेकंद बंद म्हणजे उत्तराचा अख्खा बाइट गिळला जातो. त्याऐवजी प्लेअरची बिझी पिन वाच. वाजत असताना ती लो असते, थांबल्यावर हाय. आज्ञा दिल्यावर लगेच वाचू नको, अर्धा सेकंद जाऊ दे. हा अर्धा सेकंद मिलिसने (किती वेळ गेला ते सांगणारी आज्ञा) मोज. डिले (नुसतं थांबायची आज्ञा) घातलास की पाणी गोठतं.

बासरीऐवजी भोंगा यायचं कारण: साध्या प्ले आज्ञेत प्लेअर फायलीचं नाव बघत नाही, कार्डावर कुठली आधी कॉपी झाली ते बघतो. कार्ड फॅट३२ मध्ये फॉरमॅट कर, एमपी३ नावाचं फोल्डर, आत ०००१, ०००२, ०००३ अशा फायली, आणि त्या फोल्डरमधून वाजवायची आज्ञा वापर. नावं आणि आकडे अर्थातच इंग्रजीत.

खरखरीसाठी नॅनोच्या टीएक्स (पाठवणारी पिन) आणि प्लेअरच्या आरएक्समध्ये (घेणारी पिन) १ के चा रेझिस्टर, प्लेअरची ५ व्ही आणि ग्राउंड तार पट्टीच्या टोकावरून न घेता थेट अडॅप्टरपासून. स्पीकरची कुठलीच तार ग्राउंडला लावू नको.

---

तिसरं_सत्र_सांगली

१ के ने खरखर जवळजवळ गेली, बासरी नीट लागते. आवाज ३० पैकी किती ठेवू? ३० वर भोंगा फाटतो.

---

कुपवाडचा_टेक्निशियन

बासरी १५, ढोल १८, भोंगा २२ पासून सुरू कर आणि हॉलमध्ये ऐकून ठरव. आवाज बदलायची आज्ञा गाण्याच्या आधी, दोन्हींत ५० मिलिसेकंदांची फट ठेव. लागोपाठ पाठवल्यास दुसरी आज्ञा कधीकधी तो ऐकतच नाही.