मदत हवी आहे: साठीपुढच्या रुग्णांचं समाधान मोजताना सगळे गुण ३ वर अडकतात

तापीकाठ: चोपडा भागातल्या दवाखान्यात साठीपुढच्या रुग्णांसाठी पीएसक्यू-१८ ही रुग्णांचं समाधान मोजणारी १८ विधानांची, १ ते ५ गुणांची प्रश्नावली मराठीत वाचून दाखवतोय. तोंडी सगळे "बठ्ठं बेस शे" (सगळं छान आहे) म्हणतात, पण सातही उपगटांची (वेळ, संवाद, खर्च वगैरे) सरासरी ३ च्या आसपास येते. "डॉक्टर पुरेसा वेळ देतात" यालाही हो आणि "डॉक्टर घाई करतात" यालाही हो. गुण काढताना काही चुकतंय का?

अनेर: मूळ पत्रकात 'पूर्ण सहमत' म्हणजे १. विधानं १, २, ३, ५, ६, ८, ११, १५, १८ चे आकडे उलटवायचे (१ चे ५, २ चे ४), बाकी नऊ तसेच ठेवायचे. हे केलं असेल तर हिशोब बरोबरच आहे, उत्तरंच पोकळ आहेत. प्रत्येक उपगटात सुलटी (कौतुकाची) आणि उलटी (तक्रारीची) विधानं सारख्याच संख्येने आहेत, म्हणून सगळ्याला हो म्हणणाऱ्याचे सगळीकडे नेमके ३ येतात. त्याला 'मध्यम समाधान' म्हणू नका. १२ (घाई करतात) आणि १५ (पुरेसा वेळ देतात) ही जोडी तपासा, दोन्हींना हो असेल तर त्या पत्रकावर खूण करा आणि अशी पत्रकं किती निघाली ते अहवालात लिहा.

सातपुडा_ताई: भाऊ, खरी अडचण विचारण्यात आहे. दवाखान्याच्या आवारात, नर्सताईंसमोर, आजी तक्रार करणारच नाहीत, पुढच्या वेळी इथेच यायचंय त्यांना. बाहेरचा माणूस नेमा, घरी जाऊन विचारा, अहिराणीत विचारा. पाच पर्याय एकदम वाचू नका, शेवटचाच लक्षात राहतो. आधी "पटतं का नाही?", मग "थोडं का पूर्ण?" असं विचारलं की चार पायऱ्या आपोआप मिळतात, आणि 'सांगता येत नाही' म्हटलं तर ती मधली पाचवी. ऐकू कमी येत असेल तर समोर बसून सावकाश बोला, ओरडू नका.

सोबत घडलेलं विचारा. केसपेपर काढल्यावर किती वेळ बसलात? गोळ्यांची पट्टी हातात द्या आणि "ही कधी घ्यायची?" म्हणा. सकाळची गोळी रात्रीची सांगितली, तर 'डॉक्टर छान समजावतात' या उत्तराचं वजन लगेच कळतं.

तापीकाठ: आणि मुलगाच मध्ये उत्तर देतो तेव्हा?

अनेर: पत्रकावर 'उत्तर कोणी दिलं' हा रकाना हवाच. मुलाला खर्च आणि फेऱ्या दिसतात, आईला वागणूक. दोन्ही एका सरासरीत घालू नका. पत्रकं किती हवीत तेही यावरच ठरवा: ९५ टक्के खात्रीने १० टक्क्यांची चूक चालत असेल तर साधारण ९६, ५ टक्क्यांची हवी तर ३८५, तीही रुग्णाने स्वतः दिलेली.