मदत हवी आहे : पाणी आलं, आता पक्षाचं काय करायचं?

आटपाडी भागातल्या एका छोट्या पक्षाचा प्रश्न आहे. नोंदणी आहे, मान्यता नाही. पक्षाच्या घटनेत उद्दिष्ट एकच, टेंभू उपसा सिंचन योजनेचं पाणी शिवारात. ते आलं. आता सभेला माणूस फिरकत नाही, आणि नुसत्या पाणीपट्टीच्या भांडणावर पक्ष काही चालत नाही.

पेच असा की सलग ६ वर्षं लोकसभा-विधानसभा लढवली नाही तर निवडणूक आयोग नोंदणीकृत पक्षांच्या यादीतून नाव काढतो. ऑगस्ट २०२५ मध्ये असे ३३४ पक्ष गेले. जिल्हा परिषद यात धरत नाहीत, ती राज्य निवडणूक आयोगाकडे. नाव गेलं की करसवलतही गेली.

उद्दिष्ट वाढवायला घटनादुरुस्ती लागेल. नाव बदललं तर आयोगाला लगेच कळवायचं. ब्रिटननं युरोपीय संघ सोडल्यावर, म्हणजे उद्दिष्ट साधल्यावर, तिथल्या ब्रेक्झिट पार्टीनं तेच केलं, ‘रिफॉर्म यूके’ झाली. त्याच मागणीच्या युकिप या पक्षानं जुनंच नाव धरून ठेवलं, २०१५ची १२.६ टक्के मतं २०१७ला दोन टक्क्यांच्या आत.

दुसरी वाट विसर्जनाची. घटनेत तसं कलम आहे, पण शिल्लक रकमेबद्दल अवाक्षर नाही (घटना लिहिताना कोण एवढा विचार करतो!). ठराव कार्यकारिणीचा पुरेल की सर्वसाधारण सभाच हवी? खातं ऑडिटआधी बंद केलं तर काय अडतं? विसर्जनाऐवजी दुसऱ्या पक्षात विलीन व्हायचं ठरलं, तर तशा विलीनीकरणाच्या ठरावाचा मसुदा कुणाकडे असेल तर कृपया टाका.