मदत हवी आहे : ‘कांद्याचा भाव का पडतो’ हे मुलांना शोधायला कसं शिकवू?

नमस्कार मंडळी,

नाशिक जिल्ह्यात, निफाड तालुक्यातल्या एका हायस्कूलमध्ये मी विज्ञान शिकवते. यंदा नववीच्या मुलांनी प्रकल्पाचा विषय स्वतःच निवडला : कांद्याचा भाव का पडतो. लासलगावच्या लिलावाला ट्रॅक्टरवर बसून जाणारी ही मुलं आहेत. उन्हाळ कांदा चाळीत (साठवणीच्या हवेशीर शेडमध्ये) भरायला, निवडायला त्यांचेही हात लागतात. त्यामुळे हा विषय सोडून ज्वालामुखीचं मॉडेल करा, असं त्यांना सांगणं मला पटत नाही.

अडचण अशी, की उत्तर सगळ्यांकडे आधीच तयार आहे. अर्धा वर्ग म्हणतो व्यापारी, उरलेला म्हणतो सरकार. मग प्रकल्प म्हणजे त्या उत्तराला जुळणारी कात्रणं गोळा करणं. एका गटाने ८ डिसेंबर २०२३ च्या निर्यातबंदीच्या बातम्या आणल्या, त्यानंतर भाव कोसळल्याचं दाखवलं आणि निष्कर्ष लिहून टाकला. तेव्हा एका मुलीने विचारलं, “मॅडम, १ एप्रिल २०२५ पासून निर्यातशुल्क पूर्ण उठलं ना? मग त्या उन्हाळ्यात आमचा कांदा स्वस्तच का गेला?”

कोणालाच उत्तर देता आलं नाही, आणि मला फार आनंद झाला. हाच खरा प्रश्न. पण इथून पुढे वर्गाला नेमकं कसं न्यायचं?

अ‍ॅगमार्कनेटवरचे (बाजार समित्यांचे दर देणाऱ्या सरकारी संकेतस्थळावरचे) रोजचे दर मुलांनी उतरवून घेतले. सुरुवातीला फक्त दराचा आलेख काढत होती, मग शेजारी आवक मांडायला लावली. आवक वाढली की दर उतरतो हे दिसलं, पण काही आठवडे त्यात बसेनात. शिवाय घरची हिशेबपट्टी (विक्रीनंतर मिळणारी पावती) आणि संकेतस्थळावरचा सर्वसाधारण दर जुळत नाही, कारण उन्हाळ, गोल्टी (बारीक कांदा), खाद (हलक्या प्रतीचा कांदा) यांचे दर एकाच दिवशी वेगवेगळे असतात. ‘कुठला आकडा खरा?’ यावर वर्गात जोरदार भांडण झालं. ते मी मुद्दाम थांबवलं नाही.

मला मदत हवी आहे ती अशी. एवढा मोठा प्रश्न मुलांना पेलेल इतका लहान कसा करू? मुलाखतीत मुलं “व्यापारी फसवतात का?” असंच विचारतात आणि वडील “हो” म्हणतात. तिथे काय बदलू? आणि ज्या गटाने प्रामाणिकपणे ‘एवढ्या माहितीवरून ठरवता येत नाही’ असं लिहिलं, त्याला गुण कसे देऊ?

प्रतिसाद १

ताई, मी कृषी विस्ताराच्या कामात होतो. भाव ठरण्यात पाऊस, आवक, इतर राज्यांचा कांदा, धोरण असं बरंच काही येतं. शाळेतून ते सगळं मोजता येणार नाही. पण एक दुवा मुलांच्या अंगणातच आहे : भाव पडलेला असतानाही शेतकरी का विकतो? बऱ्याचदा पैशाची निकड असते, आणि बऱ्याचदा चाळीतला माल खराब व्हायला लागलेला असतो. तेव्हा प्रश्न असा करा : कोणाचा कांदा जास्त टिकतो आणि का?

चाळ भरताना जाळीच्या काही पिशव्या वजन करून, चिठ्ठी बांधून वेगवेगळ्या जागी ठेवा. कडेला, मध्ये, खाली, वर. ठरलेल्या दिवशी परत वजन करा. सुकून झालेली घट, सड आणि कोंब तिन्ही वेगळं नोंदवा, एकत्र केलंत तर कारण हाती लागणार नाही. सोबत प्रत्येक घरची माहिती घ्या : काढणीआधी पाणी कधी तोडलं, युरिया शेवटचा कधी दिला, पातीसकट सुकवला का, कांद्याची मान किती ठेवून पात कापली. आणि पहिल्या वजनाआधीच प्रत्येक गटाने अंदाज लिहायचा, त्याच्या खाली ‘काय दिसलं तर आमचं मत बदलेल’ हेही लिहायचं.

मुलाखतीत मत विचारू नका, घडलेलं विचारा. “शेवटची गाडी कधी नेली? त्याच दिवशी का नेली?” पट्टी दाखवायला सांगा. आणि हेच प्रश्न व्यापाऱ्याला त्याच्या बाजूने विचारा : त्या दिवशी किती घेतला, पुढे कुठे पाठवला, वाटेत किती खराब झाला.

प्रतिसाद २

गुणांबद्दल : मी प्रकल्पवहीला जास्त गुण देते, निष्कर्षाला कमी. तारखा आहेत का, खोडलेलं तसंच ठेवलंय का, मत बदललं तर कशामुळे बदललं हे लिहिलंय का. ‘ठरवता येत नाही’ लिहिणाऱ्या गटाने आणखी कोणती माहिती मिळाली असती तर ठरवता आलं असतं, हे सांगितलं तर पूर्ण गुण. नुसतं ‘ठरवता येत नाही’ असेल तर वही परत. राष्ट्रीय बाल विज्ञान परिषदेतही १० ते १७ वयोगटाची मुलं स्थानिक प्रश्नांवरच काम करतात. तिथे पाठवायचा विचार जरूर करा.

धागाकर्ती

दादा, ताई, मनापासून आभार. पिशव्यांचं उद्याच वर्गात मांडते. एकच शंका : चाळी एप्रिल-मेमध्ये भरतात आणि तेव्हा शाळेला सुट्टी असते. वजनं मुलांनी घरी घेतली, तर प्रत्येकाचा काटा वेगळा. चालेल का?

प्रतिसाद १

चालेल. त्या घरी दरवेळी तोच काटा वापरायचा आणि घट टक्क्यांत काढायची. फक्त प्रत्येक वेळी आधी एक किलोचं वजन ठेवून काटा तपासायचा आणि तो आकडाही वहीत लिहायचा.