'ब्रेक ऑइल'ला मराठीत काय लिहावं?

रानजाई: गाडीच्या देखभालीची एक पुस्तिका मराठीत करते आहे. 'ब्रेक फ्लुइड'पाशी अडले. मी 'ब्रेकचं तेल' लिहिलं होतं, कारण घरी बाबा 'ब्रेक ऑइल'च म्हणायचे. तपासणाऱ्या बाईंनी ते खोडून 'रोधक द्रायू' केलं. मला दोन्ही खटकतंय.

दहाअकराचा पाना: 'तेल' अजिबात नको. गॅरेजात आम्हीही ऑइलच म्हणतो, पण डबा कुठला उचलायचा ते आम्हाला ठाऊक असतं. डब्यावर डॉट ३, डॉट ४ अशी प्रत लिहिलेलं ब्रेक फ्लुइड हे तेल नाहीच, ग्लायकॉल या रसायनाच्या जातीचं असतं. माझ्या मामांनी पातळी खाली दिसली म्हणून पॉवर स्टिअरिंगचं ऑइल ओतलं. पेडलचा जोर द्रवाला देणाऱ्या मास्टर सिलिंडरातले रबरी बकेट (गळती अडवणाऱ्या वाट्या) फुगले, लागलेले ब्रेक सुटेचनात, चाकं तापून वास सुटला. सगळी रबरं बदलावी लागली. निव्वळ नावामुळे.

शुद्धलेखणी: म्हणूनच द्रायू. द्रव आणि वायू मिळून झालेला, विज्ञानाच्या पुस्तकांतला नेमका शब्द आहे.

दहाअकराचा पाना: अहो, वायूच तर तिथे नको! द्रव दाबून आकसत नाही, म्हणून पायाचा जोर नळ्यांतून चाकापर्यंत पोचतो. हवेचा बुडबुडा शिरला की तोच दाबला जातो आणि पेडल मऊ पडतं. म्हणून ब्रेकची 'हवा काढतात': एकजण पेडल दाबून धरतो, दुसरा चाकापाशी निपल, म्हणजे हवा सोडायची छोटी तोटी, सैल करतो. शिवाय हा द्रव हवेतला ओलावा शोषतो. कोरा डॉट ४ निदान २३० अंशांपर्यंत उकळू नये असं मानक आहे, पाणी मुरलेल्यासाठी तेच १५५. वरंध घाट उतरताना ब्रेकवरचा पाय काढलाच नाही तर आत वाफ होते आणि पेडल सरळ खाली जातं. 'द्रव' लिहा, विषय संपला.

तिळगूळ: संपला कसा? 'तेल' हा शब्दच तिळावरून आला. पुढे करडईचं, शेंगदाण्याचंही तेलच झालं, आणि 'रॉक ऑइल'चं रॉकेल झालं. अर्थ रुंदावतात. लोक 'ब्रेक ऑइल' म्हणतात, तर तेच लिहा आणि शेजारी डब्याचं चित्र द्या.

शुद्धलेखणी: मग मराठी पुस्तिका हवी कशाला? ब्रेकला 'गतिरोधक' हा शब्द आपल्या तांत्रिक लिखाणात आहेच.

रानजाई: तोही वापरून पाहिला. 'गतिरोधकावरून पाय उचला' वाचून भावाला रस्त्यावरचा उंचवटाच आठवला.

खानदेशी: आमच्या जळगावला कार्तिकी एकादशीला श्रीरामाचा रथ निघतो. त्याला ब्रेकही नाही आणि स्टिअरिंगही नाही. चाकाखाली लाकडाची मोगरी लावून तो थांबवतात, वळवतातही. मोगरीवाल्याचा हात क्षणभर चुकला तर काय होईल, हे लहानपणापासून जीव मुठीत धरून बघतोय. ब्रेकला इतका जिवंत शब्द घरात असताना 'रोधक' कशाला घडवायचा?

तिळगूळ: मोगरी म्हणजे ठोकायचं लाकूड ना? आमच्याकडे धुणं मोगरीने बडवायचे.

खानदेशी: तीही मोगरीच. पण रथाची 'लावतात'.

दहाअकराचा पाना: हँडब्रेकही लावतात. पायाचा मात्र 'मारतात'.

शुद्धलेखणी: 'ब्रेक मारणे' ही थेट हिंदीची नक्कल. 'ब्रेक दाबणे' म्हणा.

तिळगूळ: हाक मारतो, गाठ मारतो, उडी मारतो. तीही हिंदीची नक्कल का?